खेळ करून पोट भरतं का?

घरात ‘गेम’ हा शब्द निघाला, की आपल्या कपाळाला आपोआप आठ्या पडतात. घसरलेले मार्क, डोळ्यांचा वाढलेला नंबर, जेवताना हातातून न सुटणारा मोबाइल, असं सगळं त्या एका शब्दाला चिकटलेलं आहे. या आठ्या उगीच पडतात असं मी म्हणणार नाही. बचत गटांच्या कामासाठी सांगली-मिरजेच्या वस्त्यांत आणि साताऱ्याकडच्या गावांत फिरताना, नवऱ्याच्या ऑनलाइन रमीपायी गहाण पडलेलं मंगळसूत्र मी बघितलेलं आहे. त्या बाईसमोर कुणी ‘गेमिंग हा मोठा उद्योग आहे’ असं म्हटलं असतं, तर तिनं हातातली कळशी त्याच्या डोक्यात घातली असती.

पण मैत्रिणींनो, एकाच शब्दात आपण तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीचं विनाकारण नुकसान होतंय.

पहिली गोष्ट म्हणजे सरळसरळ जुगार. पैसे लावायचे आणि हरायचे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तसा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. उशिरा का होईना, केलं ते बरं केलं. दुसरी गोष्ट म्हणजे फुकटचे खेळ. कँडी क्रश आपल्यातल्या किती जणींनी भाजी शिजेपर्यंत खेळलाय, ते हात वर करून सांगा! 2020 च्या लॉकडाउनमध्ये अमेरिकेतली जाऊबाई आणि इथल्या सासूबाई ज्यावर संध्याकाळी भेटायच्या, तो ‘लुडो किंग’ही यातलाच. नवी मुंबईच्या गेमेशन कंपनीनं तो 2016 मध्ये काढला. हे खेळ उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. त्यांची कमाई जाहिरातींवर आणि आत चालणाऱ्या छोट्या-छोट्या खरेदीवर. कोट्यवधी लोक खेळतात म्हणून ते परवडतं.

तिसरी गोष्ट आपल्याला माहीतच नसते. दोघा-चौघांनी मिळून, एखादं पुस्तक लिहावं किंवा छोटा सिनेमा काढावा तसा बनवलेला खेळ. त्याला गोष्ट असते, चित्रं असतात, संगीत असतं. तो एकदा विकत घ्यायचा, खेळायचा, संपवायचा. जाहिरात नाही, ‘आणखी पैसे भरा’ नाही. मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय बनतो म्हणून त्याला ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र गेम म्हणतात. बनवायला हा सगळ्यांत कष्टाचा, आणि आपल्याकडे खपतो सगळ्यांत कमी.

हे सगळं मला कळलं ते दोन मुलींमुळे. एक सांगलीची, माझ्या मैत्रिणीची लेक. पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते आणि रात्री नऊनंतर गेमचं प्रोग्रॅमिंग. दुसरी साताऱ्याची, एका शाळेत करारावर चित्रकला शिकवते आणि गेममधलं प्रत्येक घर, प्रत्येक भांडं ती काढते. दोघींची ओळख कॉलेजातली. त्यांच्या खेळाचा विषय ऐकून मी खुर्चीत सरसावून बसले. विषय आहे 2019 च्या ऑगस्टमधला कृष्णेचा पूर. गावभागातलं जुनं घर, घरात एक आजी, एक सून आणि दोन पोरं. आयर्विन पुलाची पातळी चाळीस फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आली की खेळ सुरू होतो. पंचेचाळीसला धोका. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेलं होतं, हे आपण सांगलीकर जन्मभर विसरणार नाही. तेवढ्या वेळात खेळणाऱ्यानं ठरवायचं, की माळ्यावर काय चढवायचं आणि काय खाली सोडायचं. गॅसची टाकी, धान्याची कोठी, सातबारा, शिलाई मशीन, आजीची पेटी, की शेजारच्या एकट्या म्हातारीला आणायला जायचं? हात दोन आणि वेळ थोडा. मी अर्धाच खेळले. कागदपत्रं वाचवली, तर आजी माझ्याशी बोलेना, कारण पेटी खाली राहिली होती.

आता या मुलींना मिळणारे प्रश्न ऐका. सांगलीच्या मुलीची आजी म्हणते, “खेळ करून कुणाचं पोट भरलंय व्हय?” स्थळ बघायला आलेल्या माणसांना तिचे बाबा सांगतात, “मुलगी आयटीत आहे.” गेमचा उल्लेख नाही. साताऱ्याच्या मुलीच्या घरी तर ‘तिचं ते कॉम्प्युटरवर रंगवायचं काम’ असंच म्हणतात. आणि ओळखीपाळखीच्या लोकांचा एक ठरलेला वाक्प्रयोग आहे: “झाला की व्हॉट्सॲपवर टाक की!” एका संस्थेनं तर ‘पूर-जागृतीसाठी आम्हाला बनवून द्या, मानधन नाही, पण तुमचं नाव होईल’ असा निरोप पाठवला. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथं चहा-बिस्किटांचं बिल मात्र दरमहा वेळेवर निघतं, एवढं मला माहीत आहे.

हे ऐकून मला आमच्या गटाच्या शेंगदाण्याच्या चटणीची आठवण झाली. ‘घरचंच तर आहे, पैसे कसले घेतेस?’ हे वाक्य ऐकलं नाही अशी एकही उद्योजिका मला भेटलेली नाही. म्हणून आम्ही गटात पहिला धडा देतो तो हिशेबाचा. दाणे, तिखट, पिशवी, विजेचं बिल लिहून झालं की शेवटी स्वतःच्या हातांची मजुरी लिहायची. ती ओळ लिहिताना बायकांचा हात अडखळतो. या दोघी शिकलेल्या, पण त्यांचाही अडखळला.

एका रविवारी तिघी मिळून हिशेबाला बसलो. समजा, दोघींची महिन्याची मजुरी प्रत्येकी पंचवीस हजार. दीड वर्षाचं काम. झाले नऊ लाख. सॉफ्टवेअरचा खर्च जवळजवळ नाही, कारण चित्रांसाठी ‘ब्लेंडर’ आणि गेम जोडण्यासाठी ‘गोडो’ ही दोन्ही साधनं मोफत मिळतात. आता विक्री. कॉम्प्युटरवरचे गेम विकण्याचं जगातलं मोठं दुकान म्हणजे अमेरिकेतलं ‘स्टीम’. तिथं एक गेम मांडायचे शंभर डॉलर, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. विक्री ठरावीक रकमेपुढे गेली की ते परत मिळतात. गेमची किंमत 250 रुपये ठेवली, तर त्यातला जीएसटी वजा जाता उरतात साधारण 212. त्यातले तीस टक्के दुकानाचे. हातात येतात 148. शिवाय चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून गेम परत करायची ग्राहकाला मुभा असते. परत आलेले गेम सोडून दिले, तरी फक्त मजुरी सुटायला सहा हजारांवर प्रती खपायला हव्यात. संगीत करणाऱ्याचे पैसे, जाहिरात, आयकर यात धरलेलेच नाहीत.

सहा हजार हा आकडा ऐकून गप्प झालो. मराठी कथासंग्रहाची हजाराची आवृत्ती संपायला किती वर्षं लागतात, ते प्रकाशकांना विचारा.

भारतात मोबाइल गेम उतरवून घेणाऱ्यांची संख्या जगात सर्वांत मोठ्या आकड्यांत मोजली जाते. पण त्यात गेमसाठी आधी पैसे मोजणारे थोडे. याचं कारण आपण कंजूष आहोत एवढंच नाही. आपल्या मध्यमवर्गाच्या घरात गेमचं मशीन कधी आलंच नाही. आला तो एकदम मोबाइल, आणि त्यावर सगळं फुकट. सिनेमाला चौघांचे हजार रुपये आपण देतो, कारण सिनेमाला पैसे द्यायचे असतात हे आपल्या आईवडिलांनी शिकवलं. गेमच्या बाबतीत ते कुणी शिकवलंच नाही. त्यातून मुलाकडे कार्ड नसतं, कार्ड असतं ते आईच्या किंवा वडिलांच्या पाकिटात, आणि पाकीट उघडणाऱ्याच्या डोक्यात गेम म्हणजे रमी!

मग जमतं का कुणाला? जमतं. पण कसं, ते नीट बघायला हवं. पुण्यात ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ नावाचा छोटा स्टुडिओ आहे. श्रुती घोष ही चित्रकार त्याच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. नायिका राजी ही डोंबाऱ्यासारखे कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधायला निघते आणि दुर्गा नि विष्णू तिची गोष्ट सांगतात. चित्रं पहाडी लघुचित्रांच्या वळणाची. 2017 मध्ये त्यांनी ‘किकस्टार्टर’वर लोकवर्गणी मागितली. तिथला नियम असा, की ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तरच पैसे मिळतात. ती जमली नाही. काम थांबू नये म्हणून श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला. पुढं परदेशी प्रकाशक मिळाला, ऑगस्ट 2020 मध्ये गेम आधी ‘निन्टेन्डो स्विच’वर आला, ऑक्टोबरमध्ये बाकीच्या मशीनवर, आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं.

फ्लॅटची ही गोष्ट सांगितली की सभागृहात टाळ्या पडतात. मी त्या टाळ्यांत नाही. श्रुती घोष यांच्या हिमतीला माझा मनापासून नमस्कार, पण घर विकल्याशिवाय ज्या कामाला आपल्या देशात पैसा मिळत नाही, त्या देशाचं त्यात कौतुक काय? आणि ज्या मुलीच्या नावावर फ्लॅटच नाही, तिनं काय विकायचं? आमच्या दोघींना मी स्पष्ट सांगितलंय: नोकरी सोडायची नाही, घरचं सोनं मोडायचं नाही, सहा तासांचा खेळ बनवायचं स्वप्न असेल तर दीड तासाचा बनवा, पण पुरा करा. साताऱ्याची मुलगी माझ्यावर जरा रुसली आहे. तिला पूर ओसरल्यानंतरचा चिखलही दाखवायचा होता. (खरं सांगायचं तर मलाही तो बघायला आवडला असता.)

‘राजी’ची आणखी एक बाब मला लागली. पुण्यात बनलेला हा गेम आधी इंग्रजीत बोलला. हिंदी आवाज आले ते 2022 च्या सुधारित आवृत्तीत. दोष मी देणार नाही, गिऱ्हाईक ज्या गावचं, त्या गावची भाषा दुकानदार आधी बोलतो. पण मराठीत करायचं म्हटलं तर अडचण निव्वळ गिऱ्हाइकाची नाही, हेही मला नव्यानंच कळलं. गेम बनवायची बरीचशी साधनं इंग्रजीसारख्या सुट्या अक्षरांच्या लिपीसाठी घडली. ‘युनिटी’ हे सर्रास वापरलं जाणारं साधन, पण त्यात देवनागरी नेहमीच्या पद्धतीनं टाकली तर जोडाक्षरं तुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. ‘स्त्री’ हा शब्द पडद्यावर तीन तुकड्यांत आलेला या मुलीनं मला दाखवला. आम्ही दोघी हसलो, पण फार नाही. ‘गोडो’च्या 2023 मधल्या चौथ्या आवृत्तीपासून ते नीट जुळतं, म्हणून तिनं ते साधन घेतलं. एका वेलांटीसाठी हिचे तीन महिने गेले, आणि हिशेबाच्या वहीत त्या तीन महिन्यांची ओळ नाही.

घरचा बाजार लहान म्हणून बाहेर जायचं, हे आपल्या भागाला नवं नाही. विटा-खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगली. मिरजेची सतार-तंबोरा मिरजेच्या गिऱ्हाइकांवर कधीच जगला नसता. आणि सांगलीची हळद? आपण आमटीत टाकतो चिमूटभर, पण सौदे होतात ते जगासाठी. तरी मला सगळ्यांत जवळचं उदाहरण वाटतं ते विष्णुदास भावे यांचं. 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ सांगलीत झालं, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयामुळे. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय आटला. मग भाव्यांनी मंडळी घेतली आणि गावोगाव, पार मुंबईपर्यंत गेले. 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. नाटकालाही तेव्हा ‘खेळ’च म्हणायचे, आणि नाटकवाल्याला मुलगी द्यायला लोक कचरायचे. आज 5 नोव्हेंबरला आपण हार घालून रंगभूमी दिन साजरा करतो!

बाहेरचं गिऱ्हाईक आपल्या घरातली गोष्ट विकत घेईल का, ही या मुलींची सगळ्यांत मोठी शंका. माळा म्हणजे काय, सातबारा म्हणजे काय, हे परदेशातल्या पोराला कसं कळणार? त्यावर मी त्यांनाच त्यांनी सांगितलेलं उदाहरण परत ऐकवते. 2023 मध्ये कॅनडातल्या टोरंटोच्या एका छोट्या स्टुडिओनं ‘वेनबा’ नावाचा गेम काढला. 1980 च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आई वेनबा आणि तमिळ बोलायला लाजणारा तिचा मुलगा. खेळायचं काय, तर आईच्या आईची फाटकी, डागाळलेली पाककृतींची वही घेऊन स्वयंपाक करायचा. पहिलाच पदार्थ इडली. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा ठेवायच्या, म्हणजे वाफ सगळ्यांना पोचेल, हे कोडं! आपण हे रोज झोपेत करतो. त्या गेमला 2024 मध्ये ब्रिटनचा ‘बाफ्टा’ मिळाला, पदार्पणाच्या गेमसाठीचा. इडलीपात्र जगाला समजलं, तर माळा का समजू नये? अर्थात वेनबावाल्यांना कॅनडातला बाजार दाराशी होता, आणि आमची साताऱ्याची मुलगी जिल्हा परिषदेच्या मैदानामागच्या खोलीत बसून, वीज गेली की फोनच्या नेटवर फायली पाठवते, हा फरक मी विसरलेली नाही.

सरकार काय करतंय? सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, गेमिंग आणि त्यासोबतच्या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केलं, 3,268 कोटी रुपयांचा आराखडा त्यात आहे. मुंबईत त्याच वर्षी या विषयांची राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली. आनंद आहे. पण असे पैसे बहुधा द्रुतगती महामार्गाच्या अलीकडे येता-येता दमतात, हा आपला जुना अनुभव. सांगलीत वालचंदसारखं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ सांगणारी रयत आहे, चित्रं काढणारी मुलं दोन्हीकडे ढिगानं आहेत. यांना एकत्र बसायला एक खोली, चार बऱ्यापैकी कॉम्प्युटर आणि पाच-सात लाखांची लहान-लहान अनुदानं एवढं जरी या दोन जिल्ह्यांत आलं, तरी कुणाला फ्लॅट विकावा लागणार नाही. आमदार-खासदारांनी स्टुडिओचं भूमिपूजन करू नये. खोली जुनी चालेल.

आणि आपण? मुलगा ‘गेम’ म्हणाला की मोबाइल हिसकावण्याआधी तो या तिघांपैकी कुठला, एवढं विचारायचं. पहिला असेल तर काडीचीही दया नको. दुसरा असेल तर घड्याळ लावा. तिसरा असेल आणि मुलगा त्याचे पैसे द्यायला कार्ड मागत असेल, तर वर्षातून एखाद्या वेळी ते द्या, आणि जमलं तर शेजारी बसून बघा. वाढदिवसाला तीनशे रुपयांची प्लॅस्टिकची बंदूक आपण घेतोच की, ती संध्याकाळपर्यंत मोडते. शेजारची मुलगी असा खेळ बनवत असेल, तर फुकट मागू नका. आणि तिच्यासाठी स्थळ आणलंत तर ती गेम बनवते हे आधीच सांगा, पळणारे आधीच पळू देत.

आमच्या मुलींचा खेळ यंदाच्या पावसाळ्यापर्यंत पुरा होईल असं त्या म्हणतात. इशारा पातळीची वेळ त्यांना साधायची आहे, मला ते जरा भयंकरच वाटतं. आता वाद उरलाय किमतीचा. सांगलीची म्हणते 250, कारण त्याहून जास्त इथं कुणी देणार नाही. साताऱ्याची म्हणते 400, म्हणजे प्रतीमागे 237 हातात येतात आणि सहा हजारांऐवजी अडतीसशे प्रतींत मजुरी सुटते. मी 400 च्या बाजूनं आहे. आजी म्हणतात, “पुरात आमचं एवढं गेलं, त्याचे चारशेच?”